सेनापती बापट

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, पारनेर हे तालुक्याचे गाव आहे. हा मुलूख कोरडा. पाऊस बेताचा आणि जमीन पुष्कळ ठिकाणी मुरमाड. आभाळाकडे डोळे लावून आणि ज्वारी-बाजरीच्या भाकरीवर येथील शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दिवस काढले. ह्या गावी १२ नोव्हेंबर १८८० रोजी पांडुरंग महादेव बापट ह्यांचा जन्म झाला. पुढे सारा महाराष्ट्र त्यांना सेनापती बापट म्हणून ओळखू लागला.

सेनापती म्हटले की घोडा, चिलखत, ढाल-तलवार आणि मागे उभी असलेली फौज आपल्या डोळ्यांपुढे येते. ह्या सेनापतीपाशी घोडा नव्हता. त्यांच्या फौजेतील शिपाई म्हणजे सह्याद्रीच्या कुशीत भातशेती करणारे गरीब मावळे आणि त्यांच्या घरची माणसे. त्या शिपायांच्या हाती शस्त्र नव्हते. आणि जी लढाई लढून त्यांनी आपल्या नायकाला सेनापती केले, ती लढाई ते हरले. मुलांनो, हरलेल्या लढाईतून मिळालेली अशी पदवी इतिहासात फारशी आढळत नाही.

पांडुरंगाची बुद्धी लहानपणापासून तल्लख होती. पारनेरास प्राथमिक शिक्षण झाल्यावर तो पुढील शिक्षणासाठी पुण्यास गेला. संस्कृतात त्याची विशेष गती होती. १९०३ साली तो डेक्कन कॉलेजातून बी. ए. झाला. त्यानंतर परदेशी जाऊन शिकण्यासाठी त्याला मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ती मिळाली आणि १९०४ साली पारनेरचा हा तरुण समुद्र ओलांडून स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरी पोहोचला. तेथील हेरिएट-वॉट कॉलेजात यंत्रविद्येचा अभ्यास करावा, इंजिनियर होऊन परत यावे आणि मोठ्या पगाराच्या जागेवर बसावे, असा सरळ मार्ग त्याच्यापुढे होता. त्या काळी असा मार्ग हजारांत एखाद्यालाच लाभे.

परंतु विलायतेत असताना त्यांनी हिंदुस्थानातील इंग्रजी राज्याविषयी उघडपणे आपले मत मांडले. हे राज्य आमच्या देशाला दरिद्री करीत आहे, असे त्यांनी इंग्रज श्रोत्यांसमोरच सांगितले. परिणाम ठरलेला होता. त्यांची शिष्यवृत्ती बंद झाली. परक्या देशात, खिशात पैसा नाही, शिक्षण अर्धवट, अशी त्यांची अवस्था झाली. चार शब्द मागे घेतले असते, तर कदाचित निभावले असते. पण ते त्यांनी घेतले नाहीत. बापटांच्या आयुष्यातील त्यागाचा हिशेब मांडायचा झाला, तर त्याची पहिली नोंद येथे करावी लागेल.

लंडनमध्ये श्यामजी कृष्ण वर्मा ह्यांनी स्थापन केलेले इंडिया हाउस हे त्या वेळी हिंदी क्रांतिकारकांचे केंद्र होते. बापट तेथे वावरू लागले. विनायक दामोदर सावरकर तेथेच राहत असत. शस्त्रावाचून इंग्रज हा देश सोडणार नाही, असे तेव्हा ह्या तरुणांस वाटत होते. बंगालचे हेमचंद्र दास आणि बापट पॅरिसला गेले, तेथील रशियन क्रांतिकारकांकडून त्यांनी बॉम्ब तयार करण्याची विद्या मिळविली, आणि १९०८ साली ती घेऊन बापट मायदेशी परतले.

त्याच वर्षी बिहारमधील मुझफ्फरपूर येथे क्रांतिकारकांनी टाकलेल्या बॉम्बने, ज्याच्यासाठी तो टाकला होता तो न्यायाधीश वाचला आणि दोन निरपराध स्त्रिया मृत्यू पावल्या. अठरा वर्षांचे खुदिराम बोस फासावर गेले. कलकत्त्याकडे मोठी धरपकड झाली, अलीपूरचा प्रसिद्ध खटला उभा राहिला आणि त्यात बापटांचेही नाव निघाले. तेव्हा ते अज्ञातवासात गेले. नाव लपवून, वेष बदलून, आज ह्या गावी तर उद्या त्या गावी, असे त्यांनी सुमारे चार वर्षे काढली. अखेर १९१२ साली इंदूर येथे ते पकडले गेले. पुरेसा पुरावा मिळाला नाही म्हणून पुढे त्यांची सुटका झाली.

ही चार वर्षे त्यांच्या जीवनात फार महत्त्वाची ठरली. त्या भटकंतीत त्यांनी देश पाहिला. पुस्तकातला नव्हे, धुळीतला. त्यांना असे दिसले की, खेड्यापाड्यांतील असंख्य माणसांना आपण परक्यांच्या राज्यात आहोत ह्याची जाणीवसुद्धा नाही. ज्यांच्यासाठी राज्य उलथवायचे, त्यांनाच त्याची खबर नसेल, तर दोन-चार ठिकाणी धडाका उडवून काय साधणार? आधी माणूस जागा केला पाहिजे. पण तो जागा करायचा कसा?

बापट पारनेरास परतले आणि ह्या प्रश्नाचे त्यांनी जे उत्तर शोधले, ते पाहून गाव चकित झाला असेल. पहाटे उठून त्यांनी हाती खराटा घेतला आणि गावचे रस्ते झाडावयास आरंभ केला. रस्तेच नव्हेत, शौचकूपही ते स्वतः साफ करू लागले.

आज गावोगाव स्वच्छतेच्या फेऱ्या निघतात, मोठी माणसे हाती झाडू घेतात. त्यामुळे ह्यात विशेष ते काय, असे तुम्हांला वाटेल. पण ही गोष्ट १९१४ सालच्या सुमाराची आहे, हे ध्यानात ठेवा. मैला वाहणे आणि घाण काढणे हे काम ज्यांच्या माथी पिढ्यान्‌पिढ्या मारलेले होते, त्यांना इतर लोक अस्पृश्य मानीत. त्यांची सावलीही टाळीत. अशा काळी ब्राह्मण कुळात जन्मलेला, बी. ए. झालेला, विलायतेस जाऊन आलेला मनुष्य सूर्य उगवण्यापूर्वी गावाची घाण काढतो आहे, हे दृश्य लोकांनी कधी पाहिले नव्हते. कोणी त्यांना वेडा म्हटले असेल, कोणी धर्म बुडाला म्हणून हळहळले असेल. बापटांनी त्यांच्याशी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे खराटा पुन्हा सुरू होई. ते अस्पृश्य मानलेल्या समाजाच्या मुलांना शिकवीत आणि गावकऱ्यांसाठी ज्ञानेश्वरीवर प्रवचने करीत. सकाळी खराटा आणि नंतर ज्ञानेश्वरी, ह्यांत त्यांना काहीच विसंगत वाटत नसे. त्यांना मुलगा झाला, तेव्हा बारशाच्या निमित्ताने जेवणाचे पहिले आमंत्रण त्यांनी अस्पृश्य मानलेल्या मंडळींना दिले. त्या दिवसांत अशा एका पंक्तीपायी आप्तस्वकीय कायमचे तुटत असत.

रस्ते झाडण्याचे हे व्रत त्यांनी पुढेही चालू ठेवले. आज पुण्यात सेनापती बापट रस्ता आहे आणि मुंबईत सेनापती बापट मार्ग आहे. ज्याने रस्ते झाडले त्याचेच नाव रस्त्यांना मिळाले, हा योग मोठा गमतीचा म्हटला पाहिजे.

पारनेरहून ते पुण्यास आले. काही काळ त्यांनी वृत्तपत्रांतून काम केले. लोकमान्य टिळकांच्या ‘मराठा’ पत्रातही ते होते. अंदमानात खितपत पडलेल्या राजबंद्यांच्या सुटकेसाठी त्यांनी खटपट केली. आणि मग मुळशीची हाक आली.

पुण्याच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या माथ्याशी मुळशी पेटा आहे. पारनेरच्या अगदी उलट असा हा प्रदेश. येथे पाऊस कोसळतो, डोंगर हिरवेगार असतात आणि खोऱ्यांतून सुवासिक आंबेमोहोर तांदूळ पिकतो. शिवरायांच्या मावळ्यांचे वंशज ही खाचरे कसत होते. निळा आणि मुळा ह्या नद्यांच्या संगमाजवळ मोठे धरण बांधावे, असे टाटांच्या कंपनीने ठरविले. मुळेचे पाणी स्वभावतः पूर्वेकडे वाहते. ते अडवावयाचे, बोगद्यातून उलट पश्चिमेकडे वळवावयाचे, सह्याद्रीच्या कड्यावरून मोठाल्या नळांतून खाली कोकणात भिरा येथे उतरवावयाचे आणि त्या पाण्याच्या जोराने यंत्रे फिरवून वीज निर्माण करावयाची, अशी ती योजना होती. ही वीज मुंबईच्या गिरण्यांना आणि आगगाड्यांना मिळणार होती. योजना बुद्धिमान माणसांनी आखली होती, कंपनी देशी होती, आणि देशाला वीज नको असे कोण म्हणेल? पण त्या पाण्याखाली पन्नासांहून अधिक गावे जाणार होती आणि दहा हजारांवर माणसे घरादारास मुकणार होती. त्यांना कोणी विचारले नव्हते. मालकांची परवानगी न घेता त्यांच्या शेतांत चर खणावयास सुरुवात झाली, तेव्हा कुठे त्यांना आपल्या नशिबात काय वाढून ठेवले आहे ते कळले.

मावळे एकत्र जमले. प्राण देऊ पण जमीन देणार नाही, अशी त्यांनी शपथ घेतली. विनायकराव भुस्कुटे ह्यांच्यासारखे पुण्याचे कार्यकर्ते त्यांच्या मदतीस धावले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सुमारे बाराशे माणसे धरणाच्या जागी जाऊन बसली. हा सत्याग्रह होता. कामाच्या आड बसावयाचे, तेथून उठावयाचे नाही, शिव्या आणि मार सोसावयाचा, पण उलट हात उगारावयाचा नाही, असा त्याचा नियम. हाती कोयता-कुऱ्हाड घेऊन वाढलेल्या रांगड्या माणसांना हा नियम पाळणे किती कठीण गेले असेल! तरी त्यांनी तो पाळला. धरणाचे काम थांबले. महात्मा गांधींनीही आपल्या पत्रातून ह्या गरीब लोकांविषयी सहानुभूती दाखविली आणि केवळ कायद्याच्या हक्कावर न जाता लोकांशी विचारविनिमय करावा, असे टाटांना सुचविले.

काम थांबले ते काही महिनेच. मग सरकार कंपनीच्या मदतीस आले. परक्या सरकारपाशी एक कायदा होता. सार्वजनिक कामाचे कारण दाखवून कोणाचीही जमीन त्याच्या इच्छेविरुद्ध त्या कायद्याने घेता येई. हा कायदा मावळ्यांच्या प्रतिनिधींनी केलेला नव्हता आणि तो बदलण्याचे कोणतेही साधन त्यांच्या हाती नव्हते. तेव्हा मुळशीची लढाई वरवर पाहता कंपनीशी होती, तरी मुळात ती त्या राजवटीशीच होती. १९२१ सालच्या अखेरीस सत्याग्रहाचे दुसरे पर्व सुरू झाले. आता धरपकड होऊ लागली. शेतकरी तुरुंगात गेले, त्यांच्यामागे स्त्रियाही गेल्या. ‘काळ’कर्ते शिवरामपंत परांजपे ह्यांच्यासारख्या विद्वान संपादकाने ह्या सत्याग्रहासाठी कारावास सोसला. बापट तर आघाडीवरच होते. सुटावे, पुन्हा मुळशीस जावे, पुन्हा पकडले जावे, असा त्यांचा क्रम चालू राहिला. लोक त्यांना सेनापती म्हणू लागले ते ह्याच दिवसांत.

तरीही मुळशी वाचली नाही. ह्याची कारणे सरकारच्या बळात होती तशी आपल्यातही होती, हे सांगितले पाहिजे. मुळशीतील बरीच जमीन सावकारांकडे गहाण पडलेली किंवा त्यांच्या मालकीचीच झालेली होती. ह्या सावकारांना जमिनीपेक्षा तिचे पैसे हवे होते. भरपाई मिळते असे दिसताच त्यांचे मन वळले. पैसे मालकाच्या पेटीत जाणार होते. जो कूळ म्हणून चिखलात उभा राहून भात लावीत होता, त्याच्या हाती फारसे काही लागणार नव्हते. फळी फुटली. सत्याग्रही थकले. मागे उरली थोडी माणसे, आणि त्यांत बापट होते.

९ डिसेंबर १९२४ रोजी बापट मोजक्या साथीदारांसह धरणाच्या कामावरील आगगाडीच्या रुळांवर जाऊन उभे राहिले. रुळांवर दगड रचून त्यांनी गाडी अडविली. ह्या वेळी त्यांच्या हाती शस्त्रे होती. अहिंसेची जी वाट तीन वर्षे मावळ्यांनी चालून दाखविली होती, तिच्यापासून त्यांचे पाऊल येथे बाजूला पडले, ही गोष्ट झाकून ठेवण्याचे कारण नाही. सत्याग्रहाविषयी बापटांची स्वतःची अशी एक कल्पना होती. जे करावयाचे ते उघड करावे, पळून जाऊ नये आणि त्याची पुरी शिक्षा स्वतःच्या अंगावर घ्यावी, ह्याला ते शुद्ध सत्याग्रह म्हणत. गांधीजींच्या सत्याग्रहात शस्त्राला जागा नव्हती, आणि ह्या बाबतीत गांधीजींचेच म्हणणे बरोबर होते, असे मला वाटते. पण एका काळी बॉम्बची विद्या शिकून नाव लपवीत हिंडणारा हाच मनुष्य आता भर उजेडात, पकडले जाण्यासाठी उभा होता, हाही फरक लहान नव्हे.

त्यांना सात वर्षांची सक्तमजुरी झाली. तेव्हा त्यांचे वय चव्वेचाळीस वर्षांचे होते. ते तुरुंगात असतानाच, १९२७ साली, मुळशीचे धरण पुरे झाले. खाचरे, घरे, देवळे आणि झाडे पाण्याखाली गेली. ज्या गावांसाठी शिक्षा भोगायची ती गावेच उरली नाहीत, आणि शिक्षेची वर्षे मात्र उरली होती. तुरुंगाच्या भिंतीआड ही बातमी ऐकून त्यांच्या मनास काय वाटले असेल, ह्याचा विचार तुम्हीच करा. बाहेर त्यांचा मुलगा वडिलांवाचून मोठा होत होता.

१९३१ साली ते सुटले. कोणालाही वाटले असते की, आता ह्या माणसाने थोडी विश्रांती घ्यावी. महाराष्ट्र प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. त्यांनी सरकारविरुद्ध परखड भाषणे केली आणि त्याच वर्षी ते पुन्हा गजाआड गेले. ते बाहेर आले १९३७ साली. म्हणजे मधले काही महिने सोडले, तर सुमारे साडेबारा वर्षे त्यांनी सलग तुरुंगात काढली. तुमच्यापैकी पुष्कळांचे वयही अजून तेवढे झालेले नाही. पुढे हैदराबाद संस्थानातील प्रजेच्या हक्कांसाठी निझामाच्या राज्यात शिरून त्यांनी अटक करवून घेतली. सुभाषचंद्र बोस ह्यांच्या फॉरवर्ड ब्लॉकचे कामही त्यांनी महाराष्ट्रात केले.

ह्या सगळ्या धामधुमीत त्यांचे लेखन-वाचन सुटले नव्हते. योगी अरविंदांचा तत्त्वज्ञानावरील मोठा ग्रंथ त्यांनी ‘दिव्य जीवन’ ह्या नावाने मराठीत आणला. गंमत अशी की, अलीपूरच्या ज्या खटल्यात बापटांचे नाव निघाले होते, त्याच खटल्यात अरविंद घोष हेही आरोपी होते. दोघेही त्या आगीतून बाहेर पडले. एक पाँडिचेरीस जाऊन योगी झाला, दुसऱ्याने पारनेरास जाऊन खराटा उचलला.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला. पुणे शहरात त्या दिवशी राष्ट्रध्वज फडकविण्याचा मान सेनापती बापटांना मिळाला. ज्या पुण्याने त्यांना विद्यार्थी म्हणून पाहिले, ज्या पुण्याच्या येरवड्यास तुरुंग आहे आणि ज्या पुण्याच्या पश्चिमेला मुळशीचे पाणी पसरलेले आहे, त्याच पुण्यात हा ध्वज वर चढला.

परंतु गोवा अजून पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. इंग्रज गेला तरी परक्यांची सत्ता भारताच्या भूमीवर शिल्लक होती. १८ मे १९५५ रोजी नानासाहेब गोरे ह्यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींची पहिली मोठी तुकडी गोव्याच्या हद्दीत शिरली. त्या तुकडीत चौऱ्याहत्तर वर्षांचे सेनापती बापट होते. ह्या वेळी त्यांच्याजवळ कोणतेही शस्त्र नव्हते. पोर्तुगीज पोलिसांच्या हाती बंदुका आणि काठ्या आहेत, ते मारावयास मागेपुढे पाहणार नाहीत, हे प्रत्येक सत्याग्रहीस ठाऊक होते. सत्याग्रहींना बेदम मार बसला. नानासाहेब गोऱ्यांना दीर्घ मुदतीची शिक्षा झाली. बापटांना हद्दीबाहेर परत पाठविण्यात आले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला गोव्याच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि अनेकांनी तेथे प्राण ठेवले.

मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र व्हावा म्हणून झालेल्या चळवळीतही हे वृद्ध सेनापती मोर्चाच्या अग्रभागी असत. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. ह्या दोन्ही गोष्टी त्यांना डोळ्यांनी पाहता आल्या. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. मुळशीचे पाणी आजही बोगद्यातून पश्चिमेकडे जाते आणि भिऱ्यास कोकणात उतरते.